जवसाचा तांबेरा गव्हावर जातो काय?



गेल्या रब्बीत, माघ संपता संपता, उमरेडकडचे एक शेतकरी नागपुरात रामदासपेठेत आले होते. शेतीच्या कामाला नव्हे. घरधनीण इथल्या एका दवाखान्यात भरती होती. आमचे हे पत्रक याच वस्तीतल्या एका खोलीत लिहून तयार होते. कार्यक्रम ऐकणाऱ्या कुणीतरी त्यांना ते सांगितले असावे. दुपारी डबा पोचवून झाल्यावर ते जिना चढून वर आले आणि पिशवीतून वर्तमानपत्राची एक घडी काढून टेबलावर उलगडली. घडीत गव्हाची तीन पाने आणि जवसाची एक फांदी. दोन्हींवर तांबूस पुटकुळ्या.

"भाऊ, एवढंच सांगा," ते म्हणाले, "ह्याचा रोग ह्याच्यावर गेला का नाही?"

प्रश्न एवढासा, पण त्यामागे घरातले भांडण होते. धुऱ्यापलीकडचे वावर धाकट्या भावाचे. त्याने जवस पेरला, यांनी गहू. पौषात जवस तांबडा दिसू लागला आणि पंधरा दिवसांनी गव्हाची पाने. "तुझ्या जवसानं माझा गहू खाल्ला," असे हे बोलून गेले. तेव्हापासून दोन्ही घरांचे बोलणे बंद. आजारी भावजयीला पाहायलाही धाकटा आला नाही.

आम्ही त्यांना जे उत्तर दिले तेच तुम्हाला आधी सांगतो. जवसाचा तांबेरा गव्हावर जात नाही आणि गव्हाचा जवसावर येत नाही. धुरा एक असला, वारा एक असला, तरी नाही. हा समज आपल्याकडे जुना आहे आणि त्यापायी पुष्कळांनी गव्हाजवळचा जवस उपटून टाकला आहे. उपटणाऱ्याचा जवस गेला, गव्हाला मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही.

मग आधी जवसावर आणि मागाहून गव्हावर असे का दिसले? दोन्ही रोगांना सारखीच हवा मानवते म्हणून. रात्रीचे दव, पानावर चार-सहा तास टिकणारी ओल, दिवसा फार ऊन नाही, असे आठ दिवस मिळाले की दोन्ही उठतात. कावळा बसला आणि फांदी मोडली, त्यातलाच हा प्रकार. खात्री करायची असेल तर पांढरा रुमाल घ्या. जवसाचे पान त्यावर चोळा, भुकटी नारिंगी-पिवळी उमटेल. गव्हाचे चोळा, ती विटकरी नाही तर तपकिरी उमटेल. आमच्या खोलीत एक भिंग आहे. त्यातून पाहिल्यावर त्या पाहुण्यांनाही दोन भुकट्या वेगळ्या दिसल्या.

तांबेरा हे आपण रंगावरून दिलेले नाव आहे. त्या एका नावाखाली शेकडो वेगवेगळ्या बुरशी येतात. जवसावरची आहे मेलॅम्प्सोरा लिनी. गव्हावर येणाऱ्या तिन्ही बुरशी पक्सिनिया या दुसऱ्याच कुळातल्या. खोडावरचा काळा तांबेरा एक, पानावरचा तपकिरी दुसरा, आणि थंड मुलखातला पिवळा तिसरा. आपल्या विदर्भाच्या हवेत पहिल्या दोहोंशीच काम पडते.

आता एक बुरशी एकाच पिकाला का धरून बसते, ते पाहू. हे नीट कळले तर वाण कसे निवडायचे तेही कळते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

जिवंत घराचा भाडेकरू

शिळ्या भाकरीवर जी बुरशी येते तिला काहीही चालते. भाकरी, चामडे, ओले लाकूड. ती मेलेल्या वस्तूवर जगते. तांबेऱ्याचे तसे नाही. त्याला जिवंत झाड लागते. झाड मेले की तोही संपला. आंब्यावरचे बांडगूळ तुम्ही पाहिले आहे. फांदीत मूळ घुसवून ते आंब्याच्या रसावर जगते, आणि फांदी वाळली तर तेही वाळते. तांबेरा हे असेच एक बांडगूळ समजा, फक्त डोळ्याला न दिसण्याइतके बारीक. त्याचे बीज, म्हणजे रुमालावरची ती भुकटी, पानावर पडते. दव मिळाले की त्याला कोंब फुटतो. पान ज्या बारीक भोकांतून श्वास घेते त्यांतून कोंब आत शिरतो आणि पेशीत एक शोषक मुळी घालतो. पेशी फाडून खाल्ली तर दुसऱ्या दिवशी जेवण बंद, म्हणून तो पेशीला जिवंत ठेवतो आणि तिच्याकडून अन्न काढून घेत राहतो.

हे सोपे नाही. कोणतेही झाड परक्याला असे आत राहू देत नाही. त्याच्या पेशींना आपले कोण आणि परके कोण हे कळते, आणि परके कळले की ते लढते. तेव्हा जवसात राहायचे तर जवसाचे पहारे चुकवायला शिकावे लागते, गव्हात राहायचे तर गव्हाचे. हे शिकणे एका हंगामात होत नाही. लक्षावधी वर्षे झाड पहारा वाढवत आले आणि बुरशी तो चुकवत आली. या शर्यतीत जवसाची बुरशी जवसाच्या पहाऱ्यात इतकी मुरली की गव्हाचा पहारा तिला अगदी अनोळखी राहिला.

झाड आणि बुरशी यांचा संबंध किती जुना आहे? स्कॉटलंडात रायनी म्हणून एक गाव आहे. तिथल्या दगडात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीची, जमिनीवर नुकतीच आलेली वनस्पती जशीच्या तशी सापडते, आणि तिच्या देहात बुरशीचे धागे आहेत. त्यांतले काही मदतीचे होते, काही त्रासाचे. आजही तसेच आहे. तुमच्या तुरीच्या मुळाला स्फुरद मिळवून देणारी बुरशी आणि गव्हाला लागणारा तांबेरा, दोघींचा मूळ धंदा झाडाच्या अंगात शिरण्याचाच.

नाते किती चोख असते याचा एक दाखला देतो. स्वीडनमधले एरिकसन नावाचे शास्त्रज्ञ गहू, ओट, राय या पिकांवरचा खोड-तांबेरा तपासत होते. भिंगाखाली तो सगळा एकसारखा. पण गव्हावरचा घेऊन ओटवर टाकला तर लागेना, ओटवरचा गव्हावर लागेना. दिसायला भाऊभाऊ, चूल मात्र वेगळी. ही गोष्ट त्यांनी १८९४ साली मांडली. ओट आणि गहू दोन्ही गवताच्या घराण्यातले, तरी ही तऱ्हा. जवस तर त्या घराण्याचाही नाही.

जवसावरच उकललेले कोडे

एकाच पिकावर, म्हणजे जवसाच्या तांबेऱ्याचा जवसावर, तरी सगळा खेळ सारखा चालतो काय? तोही नाही. एका वाणावर रोग येतो, शेजारच्या वाणावर येत नाही, आणि काही वर्षांनी त्यावरही येऊ लागतो. याचे कारण जगाला पहिल्यांदा कळले ते जवसाच्या पिकावर. जवस एकेकाळी विदर्भाचे मोठे पीक होते, आता क्षेत्र फार घटले आहे. आपल्या घाणीवरच्या तेलाचे आणि ढेपेचे हे पीक जगाच्या शास्त्रात एवढे मानाचे आहे, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही.

अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यात फार्गो येथे हॅरोल्ड फ्लोर नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९४० च्या दशकात एक चिकाटीचे काम केले. जवसाच्या वाणांचा एकमेकांशी संकर तर त्यांनी केलाच, पण तांबेऱ्याच्या जातींचाही एकमेकींशी संकर केला. दोन्हीकडची पिढी पुढे नेली आणि कोणती बुरशी कोणत्या झाडावर लागते याचा हिशेब ठेवला. त्यांच्या गाजलेल्या प्रयोगात दोन वाणे होती, एक 'ऑटवा' आणि दुसरे 'बॉम्बे'. होय, बॉम्बेच. मुंबईत काही जवस पिकत नाही, पण बंदराचे नाव मालाला पडण्याची त्या काळी रीत होती. तांबेऱ्याची एक जात ऑटवावर चाले पण बॉम्बेवर हात टेकी. दुसऱ्या जातीचे नेमके उलट.

हिशेबातून निघाले ते असे. जवसाच्या अंगात अनुवंशाने येणारे राखणदार असतात, शास्त्रज्ञ त्यांना प्रतिकारक जनुके म्हणतात. आणि बुरशीच्या अंगात त्याच्याच जोडीची एक खूण असते. एका राखणदाराला एकच खूण ओळखता येते. बॉम्बेच्या राखणदाराला जी खूण कळते ती ऑटवाच्या राखणदाराला कळत नाही. खूण ओळखली गेली की रोग थांबला. ओळखली गेली नाही की आत प्रवेश. जवसात असे तीसएक राखणदार पुढे सापडले.

आता नीट पाहा. राखणदाराने बुरशी ओळखली की झाड काय करते? जिथे ती शिरली तिथल्या आपल्याच चार पेशी ते मारून टाकते. गवताच्या गंजीला आग लागली की आपण पुढच्या दोन पेंढ्या ओढून जागा मोकळी करतो ना, तसे. बुरशीला जिवंत पेशी लागते, ती मिळाली नाही की ती उपाशी मरते. वावरात हे तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. पानावर नुसते बारीक वाळके ठिपके आहेत आणि रुमालावर भुकटी येत नाही, तर घाबरू नका, झाड जिंकते आहे. फवारा आणायला धावू नका. ठिपका फुटून भुकटी हाताला लागली, तर मात्र बुरशी आत बसली.

वाण मोडते म्हणजे काय होते

आपण म्हणतो, "ते वाण पहिले चांगले होते, आता बिघडले." वाण बिघडत नाही, बरं का. राखणदार तोच असतो, ओळखतोही तीच खूण. बुरशीने खूण टाकून दिलेली असते. एका एकरातल्या तांबेऱ्याच्या भुकटीत इतकी अगणित बीजे असतात की त्यांतल्या एखाद्यात फरक पडायला वेळ लागत नाही. त्या एकाला सगळीकडे तेच वाण मिळाले, तर त्याला पुढे अडवणारे कोणी उरत नाही.

हे आपल्या देशाने भोगले आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कल्याण सोना हे बुटके वाण आले आणि लाखो एकरांवर पसरले. उत्पन्न भरपूर, लोक खूश. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला ओलांडणाऱ्या पान-तांबेऱ्याच्या जाती आल्या आणि ते मागे पडले. त्याची जागा घेणाऱ्या सोनालिकावरही पुढे तीच पाळी आली. त्याआधीचा मोठा घाव १९४६-४७ च्या रब्बीतला. तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडाची राजधानी नागपूर होती, आणि या सगळ्या मुलखातला गहू खोड-तांबेऱ्याने बुडाला. अलीकडचे उदाहरण आफ्रिकेतले. १९९८ साली युगांडात खोड-तांबेऱ्याची एक जात सापडली. जगभरच्या गव्हांत विश्वासाने घातलेला एक राखणदार तिने निकामी केला.

आता खपलीची गोष्ट सांगतो. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रात खपली गहू जुना आहे. पोळीला आणि खिरीला चांगला, सोलायला मात्र जिकिरीचा. जुनी माणसे म्हणत, खपलीला तांबेरा धरत नाही. हे नुसते म्हणणे नव्हते. १९२२ च्या सुमाराला अमेरिकेत स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी खोड-तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी बारा गव्हांचा एक संच ठरवला. कोणती बुरशी कोणत्या गव्हावर लागते ते पाहून तिची जात सांगायची. त्या बारांत एक नाव खपली हे होते, याच नावाने. खपलीचे राखणदार पुढे गव्हाच्या सुधारित वाणांत नेले गेले. मिनेसोटाच्या काचघरातल्या पाटीवर आपल्या आजीच्या खिरीच्या गव्हाचे नाव लागले होते, हे लिहिताना आम्हाला बरे वाटते.

रानात मात्र असा एकदम बोजवारा का उडत नाही? ऑस्ट्रेलियात जवसाचा एक रानटी भाऊबंद डोंगराळ भागात उगवतो आणि त्यालाही तांबेरा लागतो. तिथल्या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे ही रानझाडे पाहिली. एका टेकडीवरच्या झाडांत राखणदार नाना तऱ्हेचे. काही झाडांना रोग लागतो, शेजारची वाचतात. पुढच्या वर्षी दुसऱ्यांची पाळी. बुरशी संपत नाही, झाडेही संपत नाहीत. आपण मात्र गावच्या गाव एका वाणाने भरतो आणि ती टेकडी सपाट करून टाकतो.

एवढे सांगून झाल्यावर एक अपवाद प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. क्वचित बुरशी घर बदलतेही. भंडारा-गोंदियाच्या धानकऱ्यांना करपा ठाऊक आहे. त्या करप्याच्या जातीची एक भावंड गवतावर राहणारी. तिला गव्हाचे राखणदार ओळखत, म्हणून ती गव्हावर येत नसे. ब्राझीलमध्ये अनाहुआक नावाचे गव्हाचे वाण फार मोठ्या क्षेत्रावर पसरले. त्या वाणात नेमका एक राखणदार नव्हता. दार उघडे सापडले. १९८५ साली तिथे पराना राज्यात गव्हावर करपा प्रथम दिसला. त्या उघड्या दारातून आत आल्यावर बुरशीने आपली खूणही टाकली, आणि मग राखणदार असलेल्या वाणांवरही ती चालू लागली. २०१६ साली हा रोग बांगलादेशात पोचला. त्यानंतर पश्चिम बंगालच्या सरहद्दीवरच्या भागांत गहू पेरायला बंदी करावी लागली. धानावरचा करपा उद्या तुमच्या गव्हावर येईल असा याचा अर्थ नाही, ती जात वेगळी. पण बाहेरच्या देशाचे बी कुणी पिशवीतून आणून दिले तर ते पेरू नका.

मग त्या गव्हावर तांबेरा आला कुठून?

उमरेडच्या पाहुण्यांनी हेच विचारले. धाकट्याच्या जवसातून नाही, तर कुठून?

दुरून. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो. जिवंत गहू वावरात नाही आणि उन्हात बीज टिकत नाही. म्हणून तांबेरा विदर्भात उन्हाळा काढू शकत नाही. आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी पुष्कळ वर्षे खपून हे सिद्ध केले. युरोपात खोड-तांबेऱ्याला दुसरे घर आहे, दारुहळदीच्या जातीचे झुडूप. बुरशीचे लग्न तिथे लागते, असे म्हणा ना. आपल्याकडे दारुहळद आहे, पण ती हे काम करत नाही, असे मेहतांना आढळले. इथला तांबेरा डोंगरातल्या थंड हवेत, उन्हाळ्यातही उभ्या असलेल्या गव्हावर जगतो. खोड-तांबेरा दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या डोंगरांत, पान-तांबेरा तिथे आणि हिमालयातही. १९७० च्या दशकात नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचा दुवा जोडला. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळ झाले की वारा निलगिरीवरची बीजे उचलून मध्य भारतावर आणतो आणि पावसाबरोबर ती खाली बसतात. म्हणून कार्तिक-मार्गशीर्षात वादळी पाऊस झाला, तर आकाशवाणीवरचा हवामानाचा वृत्तांत ऐका आणि पौषापासून गव्हाची खालची पाने आठवड्याला एकदा पालटून पाहा.

यातून वावरात करायचे ते थोडके आहे. गव्हाचे काड जाळल्याने तांबेरा जात नाही, काड वाया जाते. बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा. उशिरा पेरलेला गहू दाणा भरताना उबदार हवेत सापडतो आणि खोड-तांबेऱ्याला तेच हवे असते. त्या पाहुण्यांचे बी दहा-बारा वर्षे घरचेच होते आणि वाणाचे नावही त्यांना धड आठवत नव्हते. असे बी बदला. कृषी विद्यापीठाने शिफारस केलेले प्रतिकारक वाण घ्या, आणि शक्य असेल तर दोन वाणे घ्या, अर्धे वावर एकाचे, अर्धे दुसऱ्याचे. शेजाऱ्याने कोणते पेरले ते विचारून आपण वेगळे पेरले तर आणखी चांगले. जवसाचेही तसेच. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसाचे संशोधन चालते, त्यांच्याकडे वाणाची चौकशी करा. भुकटी सुटू लागली आणि पीक अजून हिरवे असेल, तर गव्हावर प्रोपिकोनॅझोल २५ टक्के प्रवाही, एका लिटर पाण्यात १ मिलिलिटर, असा फवारा द्या. मात्र दाणा पिकत आला असेल तर पैसे घालवू नका.

आणि एक काम नुसते तुमच्यासाठी नाही, सगळ्यांसाठी आहे. सिमल्याजवळ फ्लॉवरडेल येथे गव्हाच्या तांबेऱ्याचे केंद्र आहे, तिथे देशभरातून आलेली रोगट पाने तपासून बुरशीची कोणती जात फिरते आहे ते पाहतात. आपल्या राज्यात महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्याचे संशोधन केंद्र आहे. नवी जात वेळेवर सापडली तर पुढच्या वाणात कोणता राखणदार घालायचा ते ठरवता येते. तेव्हा प्रतिकारक म्हणून घेतलेल्या वाणावर भुकटी दिसली, तर पाच-सहा पाने तोडून सावलीत सुकवा आणि कागदी लखोट्यात घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, पाने कुजतात आणि बुरशी मरते. लखोट्यावर गाव, तालुका, वाणाचे नाव, पेरणीची आणि पाने तोडल्याची तारीख लिहा, आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात पोचते करा.

उमरेडच्या पाहुण्यांनी जाताना आमच्याकडून दोन लखोटे मागून घेतले. एक माझ्या गव्हाला, म्हणाले, आणि एक धाकट्याच्या जवसाला.